दहा लिटर शिल्लक

ट्रेलरमधून बाहेर काढलेल्या वस्तू मोजल्या, त्या एकतीस भरल्या. घडीच्या खुर्च्या सहा, त्यातल्या एकीचा पाय दोरीनं बांधलेला. लाकडी बाक एक. पाण्याचे कॅन दोन. जुन्या हेडफोनांचा खोका एक. शाळेतल्या मुलांना दाखवायचा, फुटबॉलएवढा प्लास्टिकचा कान एक. टेबलफॅन दोन. जॅक एक. चाकांना लावायचे लाकडी ठोकळे चार. रंगाचे डबे तीन, तिन्ही वाळलेले. केरसुणी एक, गालिच्याच्या गुंडाळ्या दोन, छत्री एक. उरलेल्या सहा वस्तू कशासाठी आहेत हे आम्हा तिघांपैकी कोणालाच सांगता आलं नाही.

सगळं डेपोच्या काट्यावर चढवलं. एकशे अठरा किलो.

"बघ!" आतोबा म्हणाले. "दीड माणूस आपण उगाच गावभर मिरवत होतो. आता बघ गाडी कशी पळते."

"गाडी पळायला नकोय, आतोबा. गाडीनं कमी प्यायला हवंय."

"तेच ते."

"तेच नाही. पिकअप आणि ट्रेलर मिळून सदतीसशे किलो आहे. त्यातले एकशे अठरा म्हणजे जेमतेम तीन टक्के. शिवाय वजनाचा त्रास चाकांना होतो, आणि चाकांवर खर्च होतं ते डिझेल एकूण डिझेलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच..."

"मोजपट्टी," आत्या ट्रेलरच्या पायरीवरून म्हणाली. घरात माझं हेच नाव आहे. "पुराण नको. निकाल सांग."

"एक लिटरसुद्धा वाचणार नाही."

आत्यानं मांडीवरच्या प्लास्टिकच्या कानाकडे पाहिलं. "मग याला परत आत ठेवू?"

"राहू दे बाहेर," आतोबा म्हणाले. "एक तर एक. पाऊण तर पाऊण."

माझी आत्या कान तपासते. तिचा ट्रेलर म्हणजे चाकांवरची एक खोली: दुहेरी भिंती, मधे आवाज शोषणारी दगडी लोकर, जाड दार, आत एक खुर्ची, एक हेडफोन आणि एक बटण. या खोलीला आम्ही बूथ म्हणतो. दार लावलं की बाहेर ट्रक गेला तरी आत कळत नाही. आत बसलेल्यानं सूर ऐकू आला की बटण दाबायचं. आत्या बाहेरच्या अरुंद भागात मशीनसमोर बसून सूर लहान-मोठे करते. ट्रेलर ओढणारी मध्यम आकाराची पिकअप आतोबा चालवतात. दोघं एकाच आरोग्य खात्यात लागले आणि एकाच गाडीत म्हातारे होत आलेत, असं आतोबा सांगतात. आत्या त्यात "तुम्ही" एवढीच दुरुस्ती करते. मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन पुढच्या प्रवेशाची वाट बघत त्यांच्याकडे राहायला आले होते. घरी बसून पंख्याचे फेरे मोजण्यापेक्षा गाडीत बस, असं आत्या म्हणाली, म्हणून गाडीत बसत होते.

आता प्रश्न खाणीच्या थांब्याचा होता. दगडाची खाण आमच्या फेरीतलं सगळ्यात लांबचं ठिकाण. तिथं ड्रिल आणि क्रशर दिवसभर चालतात. ज्याचे कान उतरायला लागले आहेत त्याला ड्रिलवरून काढून शांत कामावर टाकायचं, असा नियम आहे. पण कान उतरले आहेत हे आमच्या मशीननं सांगावं लागतं. नाहीतर माणूस म्हणतो मला कमी ऐकू येतं, आणि मुकादम म्हणतो याला कामच ऐकू येत नाही.

शिवाय वाटेल तेव्हा गेलो तर चालत नाही. पाळीभर आवाजात राहिलेला कान थकतो, काही तास खालावलेलाच राहतो. त्या वेळी घेतलेला आकडा कंपनी मान्य करत नाही, आणि ते बरोबरच आहे. कान रात्रभर शांततेत राहिला पाहिजे आणि सकाळचा भोंगा वाजायच्या आत तपासला गेला पाहिजे. डेपोचं फाटक पाचला उघडतं, त्याआधी पहारेकरी आपल्या बापासाठीही उघडत नाही. म्हणून आतोबा जाताना पंच्याण्णवच्या वेगानं जातात. उशीर झाला तर दर दहा मिनिटांमागे एक माणूस तपासायचा राहतो आणि पुढच्या खेपेपर्यंत ड्रिलवर राहतो.

जायचं-यायचं अंतर चारशे छप्पन्न किलोमीटर. टाकी शहात्तर लिटरची. वाटेत एक पंप होता, तो गेल्या वर्षी बंद पडला. जादा कॅन नेता येत नाही, कारण बंद बूथ असलेल्या गाडीत इंधन ठेवायला मनाई आहे. खाणीवाल्यांकडे त्यांच्या यंत्रांसाठी डिझेल असतं आणि ते द्यायलाही तयार असतात. पण आत्या तिथला चहासुद्धा घेत नाही. "ज्यांच्याविरुद्ध आकडा लिहायचा त्यांचं थेंबभर अंगावर नको," असं तिचं म्हणणं.

मागच्या खेपेला गाडी डेपोच्या अलीकडे तीन किलोमीटरवर बंद पडली. टाकी कोरडी. दुसरी गाडी पाठवून ओढून आणावी लागली. वाहतूक अधिकाऱ्यानं दोघांना बोलावून घेतलं. माणूस सभ्य होता, त्यामुळे त्याच्यावर चिडताही येईना.

"मला तुमचा थांबा बंद करायची हौस नाही," तो म्हणाला. "पण उद्या तुम्ही मधल्या ओसाड पट्ट्यात अडकलात तर जबाबदार मी. पुढची खेप करा. परत याल तेव्हा टाकीत दहा लिटर शिल्लक दिसले पाहिजेत. दिसले तर थांबा चालू. नाही दिसले तर खाण फेरीतून काढतो."

म्हणजे शहात्तरऐवजी सहासष्ट लिटरमध्ये जाऊन यायचं. सहाचं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला सातला एखादा दशांश कमी, एवढं द्यायला लावायचं.

"परत येताना किती वेगानं येता?" मी आतोबांना विचारलं.

"पंच्याण्णव."

"का? परतीला कुठला भोंगा असतो?"

"घरी यायचं असतं."

"पंच्याहत्तरनं आलात तर?"

आतोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाडीला बैल जुंपायला सांगितलं होतं. "पंच्याहत्तरनं वरात जाते."

"हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. पंच्याण्णवऐवजी पंच्याहत्तर केलं तर तो जवळजवळ चाळीस टक्के कमी होतो. तुमच्या डिझेलचा अर्ध्याहून जास्त भाग फक्त हवा ढकलण्यात जातो."

"हवा ढकलण्यात?"

मी त्यांना गाडीच्या बाजूला नेलं. पिकअपच्या टपाच्या वर ट्रेलरची सपाट पांढरी भिंत हातभर उंच आणि चार हात रुंद उभी होती. तिच्यावर चिकटून वाळलेले किडे होते, आणि सगळे वरच्या पट्ट्यातच होते.

"हे इथं आपटून मेले," मी म्हणाले. "हवाही इथंच आपटते."

आतोबांनी टाचा उंचावून किडे जवळून पाहिले. "पंच्याहत्तर," ते शेवटी म्हणाले. "पण कोणी ओळखीचं दिसलं तर मी मान खाली घालणार."

हिशेब केला. परतीला पंच्याहत्तर आणि एकशे अठरा किलो बाहेर: सहासष्टच्या किंचित वर. वाऱ्यासाठी, चढासाठी, चुकीसाठी काही उरत नव्हतं.

"टोपी होती की," आतोबा म्हणाले.

आत्यानं मान वर केली नाही. "ती नको."

टोपी म्हणजे टपावर बसवायचा फायबरचा बाकदार पत्रा. समोरून येणारी हवा तो वर उचलतो, म्हणजे ती मागच्या भिंतीवर थेट आपटत नाही. गाडी आली तेव्हाच तो तिच्यावर होता. पुढच्याच महिन्यात आत्यानं काढायला लावला. कारण तो वाजायचा.

"नुसता वाजत नव्हता," आत्या म्हणाली. "डोक्यात सुई घालत होता. आणि मला उतरल्या उतरल्या हजेरी द्यायची असते."

हजेरी हा तिचा रोजचा नेम. पहिला माणूस आत घ्यायच्या आधी ती स्वतः बूथमध्ये बसते, हेडफोन लावते आणि प्रत्येक सूर अगदी हळू आवाजात दोन्ही कानांनी ऐकते. स्वतःचे कान तिला पाठ आहेत. ओळखीच्या कानाला नेहमीचा सूर नेहमीसारखा आला नाही, तर मशीन बिघडलं. गेल्या वर्षभरात तिनं मशीन दोनदा प्रयोगशाळेत पाठवलं होतं, वरचे सूर मंद येतात म्हणून. दोन्ही वेळा ते 'ठीक आहे' असा शेरा घेऊन परत आलं. तिथले लोक डबा न उघडता शिक्के मारतात, असं तिचं मत झालं होतं.

"शिट्टीचं कारण फट असणार," मी म्हणाले. "पत्रा आणि टप यांच्यामध्ये मिलिमीटरभर फट राहिली तरी वाजतं. फट सापडली की बुजवू. पण आधी ऐकायला हवं."

आत्यानं थोडा विचार केला. "खाणीसाठी," ती म्हणाली. "एकदा."

टोपी डेपोच्या मागे नळाखाली उपडी... नव्हे, उताणी सापडली. इतकी वर्षं तिच्यात पाणी भरून लोक पाय धूत होते. मिस्त्रीनं ती घासली, चार बोल्ट मारून टपावर बसवली, आणि आम्ही ट्रेलर जोडून डेपोमागच्या सरळ रस्त्याला लागलो. आतोबा चालवत होते, आत्या मधे, मी खिडकीशी.

साठपर्यंत टोपी गप्प होती. पासष्टला सुरू झाली, आधी नुसती कुजबूज, मग स्पष्ट सूर.

आत्यानं डोळे मिटून घेतले. "आली. हीच ती. साडेतीन हजार हर्ट्झ असेल."

मी मनातल्या मनात वेगावरून काढलं. साडेतीन हजारच येत होतं.

"सत्तर," आतोबांनी सांगितलं. सूर चढला. "पंच्याहत्तर." आणखी चढला. "ऐंशी."

ऐंशीला तो दाढेत शिरला. नव्वदला मी बोटं कानाशी नेली.

"गेली," आत्या म्हणाली. तिचे डोळे मिटलेलेच होते. "बघा, ऐंशीच्या पुढे बंद होते. जाताना तर आपण पंच्याण्णवनंच असतो. मग काय, उगाच काढली होती म्हणायची."

आतोबांचा पाय थोडा सैल झाला. वेग उतरला, सूर उतरला.

"परत आली," आत्या म्हणाली.

त्यांनी पाय दाबला.

"गेली."

फट तीच होती. हवा वेगानं गेली की सूर वर चढणार, थांबणार नाही. मी आतोबांकडे पाहिलं. आतोबांनी छताकडे पाहिलं. मग मीही छताकडे पाहिलं, कारण दुसरीकडे कुठं बघावं ते कळेना.

आत्यानं डोळे उघडले. "काय झालं?"

"कुठं काय?" आतोबा म्हणाले. जरा लवकरच म्हणाले.

ती त्यांच्याकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे पाहत राहिली. "अहो, मी आयुष्यभर माणसांची तोंडं बघत आले. खोलीत आवाज झाला की ज्याला ऐकू येतं तो आवाजाकडे बघतो. ज्याला येत नाही तो बाकीच्यांच्या तोंडाकडे बघतो." तिनं वर बोट दाखवलं. "तुम्ही दोघं छताकडे बघताय. आणि मी तुमच्याकडे. वाजतेय ना?"

आतोबांनी नजर रस्त्यावर आणली.

"वाजतेय," मी म्हणाले.

"किती?"

"खूप. पाच हजारांच्या आसपास."

"गाडी वळवा," आत्या म्हणाली.

डेपोत पोचताच ती बूथमध्ये जाऊन बसली. हेडफोन स्वतःच लावला, लाल उजवीकडे, निळा डावीकडे. मी मशीनसमोर बसले. गेल्या काही आठवड्यांत तिनंच मला शिकवलं होतं.

"पेशंट समजून कर," ती म्हणाली. "तोंडावर काही दाखवू नकोस. आणि सुराला लय देऊ नकोस, माणूस अंदाजानं दाबतो. मीही माणूसच आहे."

दार लावलं. काचेतून तिची पाठ आणि बटणावरचा अंगठा दिसत होता. एक हजार, दोन हजार: लगेच दिवा लागला. तीन हजारला थोडा उशीर. चार हजारला मी वीस डेसिबलवर सूर सोडला. अंगठा हलला नाही. तीस. पस्तीस. चाळीस. पंचेचाळीसला दिवा लागला. सहा हजारला साठपर्यंत जावं लागलं. मधल्या वेळात ती अगदी स्थिर बसून होती, समोर काही नसताना काहीतरी बघत असल्यासारखी. शेकडो माणसांना मी तसं बसलेलं पाहिलं होतं.

बाहेर आल्यावर तिनं कागद घेतला आणि उभ्यानंच वाचला. पहिला प्रश्न स्वतःबद्दल नव्हता.

"माणसांचे आकडे? गेल्या वर्षाचे?"

"मशीन बरोबर होतं, आत्या. दोन्ही वेळा. म्हणून त्यांचे आकडेही बरोबर आहेत."

तिनं श्वास सोडला. "बिचारे प्रयोगशाळेवाले. काय काय बोलले मी त्यांना." मग पायरीवर बसली. "मला वाटायचं मशीन म्हातारं झालं."

आतोबा तिच्या शेजारी बसले. तिच्या पदराला लागलेलं टोपीवरचं फायबरचं कुसळ काढत राहिले.

"अहो, तुम्हाला माहीत होतं?"

"टीव्हीचा आवाज वाढत चाललाय एवढं माहीत होतं," ते म्हणाले. "मला वाटलं कार्यक्रम चांगले लागतात."

ती हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. "खाणीचं काय आता?"

"काय म्हणजे?" मी विचारलं.

"हजेरी कोण देणार? ओळखीचा कान कुठून आणायचा?" तिनं कागदाची घडी घातली. "बाकी काम मला येतं. सूर मी सोडते, दिवा मी बघते, त्याला माझे कान लागत नाहीत. पण हजेरीला लागतात. हजेरीशिवाय मी एक माणूस आत घेणार नाही."

मी प्रवेश मिळाला की जाणार होते. तिघांनाही ते माहीत होतं. आत्या आतोबांकडे वळली.

"बसा आत."

"मी? मला गेली वीस वर्षं तू बहिरा म्हणतेस."

"म्हणून तर तपासायचं. बसा."

आतोबा हेडफोन लावून परीक्षेला बसलेल्या पोरासारखे बसले. प्रत्येक सुराला पंधरा, फार तर वीस, सहा हजारलासुद्धा. आत्यानं दुसऱ्यांदा केलं. तेच आकडे.

"कान उत्तम आहेत," ती म्हणाली. "मग मी दळण आणा म्हणते तेव्हा काय होतं?"

"तेव्हा मशीन बिघडतं."

फट उजव्या मागच्या बोल्टापाशी होती. मिस्त्रीनं दाराच्या रबराची पट्टी कापून खाली भरली आणि बोल्ट पुन्हा आवळले. आम्ही परत त्याच रस्त्यावर गेलो. पासष्ट, ऐंशी, पंच्याण्णव. वाऱ्याची घरघर होती, सूर नव्हता. आत्या या वेळी डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती.

"वाजतेय?"

"नाही."

"खरं?"

"खरं, आत्या."

तिनं आतोबांकडे बघून खात्री केली नाही. ती समोर रस्त्याकडे बघू लागली.

टाकी भरताना मी एकच हट्ट धरला. ट्रेलर जोडलेला असला की पिकअपची शेपटी दबते, टाकी तिरकी होते आणि वरच्या कोपऱ्यात हवा अडकते. भरली म्हणतो तेव्हा ती भरलेली नसते. म्हणून जाताना आणि आल्यावर दोन्ही वेळा ट्रेलर सोडून, डेपोतल्या त्याच सपाट फरशीवर, त्याच पंपाच्या त्याच नळीनं भरायचं. नळी थांबली की फेस खाली बसू द्यायचा आणि पुन्हा भरायचं. आल्यावर जेवढं मावेल तेवढं वापरलं, आणि ते सहासष्टच्या आत हवं. वाहतूक अधिकारी स्वतः बघायला आला होता. "एवढं तर माझ्या मनातही नव्हतं," तो म्हणाला.

"तिच्या मनात याच्याशिवाय काही नसतं," आतोबा म्हणाले.

सकाळी फाटक उघडलं आणि आम्ही निघालो. जाताना पंच्याण्णव. ओसाड पट्ट्यात सूर्य वर आला, हवा स्थिर होती, आणि एकदाही शिट्टी वाजली नाही. खाणीच्या फाटकाशी पिवळी हेल्मेटं घातलेली माणसं भिंतीला टेकून उभी होती. आतोबांनी ट्रेलरच्या चाकांना ठोकळ्यांऐवजी दगड लावले, हात धुतले, शर्ट खाली ओढला आणि बूथमध्ये जाऊन हजेरी दिली. बाहेर आले ते जरा छाती काढूनच.

"सगळे सूर हजर," त्यांनी सांगितलं.

भोंग्याच्या आत दहा जण झाले. सहावा ड्रिलवाला होता. रुंद खांद्यांचा, बोलताना स्वतःच्याच आवाजाचा अंदाज न लागणारा माणूस. तपासणी झाल्यावर तो मशीनजवळ येऊन वाकला.

"किती गेलं, बाई?"

"चार हजारला पन्नास आहे," आत्या त्याच्या तोंडासमोर, सावकाश म्हणाली. "तुम्हाला ड्रिलवरून काढायला मी लिहिते."

"घरात पोरं हसतात. मी दारावरची बेल ऐकत नाही म्हणून." तो खजील होऊन हसला. "तुम्हाला काय कळणार म्हणा. तुमचे कान म्हणजे..."

"माझं पंचेचाळीस आहे," आत्या म्हणाली.

त्याला ते नीट ऐकू आलं नाही असं मला वाटलं, पण आलं होतं. तो तिच्याकडे बघत राहिला. "मशीनवर बसून बसून?"

"नाही. वयानं. मलाही आत्ताच कळलं."

"मग? कसं वाटतं?"

आत्यानं पेन खाली ठेवलं. "लोक अचानक पुटपुटायला लागलेत असं वाटतं," ती म्हणाली, आणि तो एवढ्यानं हसला की भिंतीला टेकलेल्यांनी माना वळवल्या.

भोंग्यानंतर साप्ताहिक सुट्टीवर असलेले तपासले, आणि दुपारनंतर आम्ही परत निघालो. तोवर वारा सुटला होता, आणि तो समोरून येत होता.

आतोबांनी पंच्याहत्तर धरलं. शब्द पाळायचा म्हणून धरलं, पण दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून. आम्हाला बस मागे टाकून गेली. खडीचा ट्रक मागे टाकून गेला आणि त्यानं हॉर्नही वाजवला. फर्निचर लादलेला एक टेम्पो गेला, त्याच्या वरच्या खुर्चीवर एक माणूस बसलेला होता. त्यानं आम्हाला हात केला.

"बघितलंस?" आतोबा म्हणाले. "खुर्ची पुढे गेली."

मी डिझेलच्या काट्याकडे बघत होते. चढावर काटा खाली जायचा, उतारावर थोडा वर यायचा, टाकीतलं डिझेल पुढे-मागे होत होतं म्हणून. त्यावरून काही कळत नव्हतं. पण रस्त्याकडेचं गवत आमच्याकडे वाकलेलं होतं, सगळं, सपाट, आणि ट्रेलर मधूनमधून मागून धरल्यासारखा वाटत होता.

"वारा वीस-पंचवीसचा असेल," मी म्हणाले. "गाडीला वाटतंय आपण शंभरनं चाललोय."

"मग?"

"मग पंच्याहत्तर पुरणार नाही."

"साठ करू?" आतोबांनी विचारलं. ज्यांच्या तोंडून पंच्याहत्तर निघत नव्हतं तेच विचारत होते.

"साठला वरचा गिअर धरणार नाही. खालच्या गिअरवर इंजिन जास्त फिरेल आणि वाचलेलं तिथं जाईल. पासष्टला धरेल का?"

"सपाटीला धरेल. चढाला नाही."

"आणि पोचायला अंधार पडेल," मी म्हणाले. "डेपोचा पंप सातला बंद होतो. आज भरता आलं नाही तर..."

"त्या साहेबाला थांबायला सांगू," आत्या मधून म्हणाली. "तो थांबेल. सभ्य आहे." तिनं हात पुढे करून आतोबांच्या गुडघ्यावर ठेवला, पाय उचला अशा अर्थी. "पासष्ट."

वेगाचा काटा पासष्टवर आला. इंजिनाचा आवाज बदलला. आत्यानं मान किंचित कलती केली. तो आवाज जाड होता, तिला येणारा. "वरच्याच गिअरवर आहे," ती म्हणाली. "धरलंय."

 एकदा आतोबांनी विचारलं, खरंच थांबा बंद झाला तर काय करायचं. आत्या म्हणाली, त्या भिंतीला टेकलेल्यांपैकी निम्मे अजून तपासायचे राहिलेत, आणि खिडकीबाहेर बघू लागली. चढ आले तेव्हा आतोबा गिअर उतरवायचे आणि माथ्यावर पोचायच्या आधीच पाय सैल सोडायचे. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

डेपोच्या दाराशी वाहतूक अधिकारी कोट घालून उभा होता. पंपाच्या माणसालाही त्यानं थांबवून धरलं होतं. आतोबांनी ट्रेलर फरशीच्या बाहेर सोडला, हूक काढला, पिकअप एकटी पंपाशी आणली. पंपाच्या माणसानं नळी लावली. आकडे फिरू लागले. आत्या गाडीतून उतरून त्या आकड्यांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. पन्नासनंतर आतोबांनी तोंड फिरवलं. साठ. बासष्ट. चौसष्टच्या पुढे नळी खट्‌कन थांबली.

"फेस," मी म्हणाले.

आम्ही फेस बसेपर्यंत थांबलो. पंपाच्या माणसानं पुन्हा नळी दाबली, थोडी, मग आणखी थोडी, डिझेल तोंडाशी दिसेपर्यंत. अधिकाऱ्यानं वाकून आकडा मोठ्यानं वाचला, आत्याकडे तोंड करून.

"पासष्ट पूर्णांक सात लिटर."